9 मे 2010 : नाणेनिधीच्या दप्तरात नोंदलेली शंका

9 मे 2010 हा रविवार होता. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कार्यकारी संचालक मंडळ बसले आणि त्याने ग्रीसला तीन वर्षांसाठी 30 अब्ज युरोंचे कर्ज मंजूर केले. युरो चलन वापरणारे देश आणखी 80 अब्ज देणार होते, म्हणजे एकूण 110 अब्ज. नाणेनिधीचा वाटा ग्रीसच्या तिथल्या कोट्याच्या, म्हणजे सदस्य म्हणून ठरलेल्या वर्गणीच्या, बत्तीसपट भरत होता.

पुढे ग्रीसची जी वाताहत झाली ती जगाने पाहिली. त्या निर्णयावर टीका झाली की एक उत्तर हमखास मिळते : हे सगळे आता सुचते आहे, तेव्हा कोणाला कल्पना होती? या प्रश्नाचे उत्तर मतामतांच्या गलबल्यात शोधायची गरज नाही. कागद शिल्लक आहेत. ग्रीसने पाठवलेली तुटीची कोष्टके, त्यांवरचा युरोपीय आयोगाचा अहवाल, कर्ज मागणारे पत्र, नाणेनिधीच्या कर्मचाऱ्यांचा अहवाल आणि त्या रविवारच्या बैठकीचे इतिवृत्त. हे इतिवृत्त तेव्हा गोपनीय होते. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्यातला मजकूर बाहेर आणला. हे कागद तारखेच्या क्रमाने वाचले की ‘कोणाला कल्पना होती’ हा बचाव टिकत नाही.

सुरुवात आकड्यांपासून करावी लागते. युरोपीय संघातला प्रत्येक देश आपली अंदाजपत्रकी तूट वर्षातून दोनदा ‘युरोस्टॅट’ या संघाच्या सांख्यिकी कार्यालयाला कळवतो. ग्रीसने 2 ऑक्टोबर 2009 रोजी असे कोष्टक पाठवले. 4 ऑक्टोबरला निवडणूक झाली, सत्ता बदलली, जॉर्ज पापांद्रेऊ पंतप्रधान झाले. 21 ऑक्टोबरला दुसरे कोष्टक गेले. पहिल्यात 2008 ची तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 5 टक्के होती, दुसऱ्यात ती 7.7 झाली. चालू वर्षाचा, म्हणजे 2009 चा अंदाज 3.7 टक्क्यांवरून एकदम 12.5 वर गेला. मधे गेले होते एकोणीस दिवस.

युरोपीय आयोगाने या प्रकाराची चौकशी करून 8 जानेवारी 2010 रोजी अहवाल दिला. तो फार कठोर आहे. सांख्यिकी कार्यालय, अर्थ मंत्रालय आणि इतर खाती यांच्यात जबाबदारीची वाटणीच स्पष्ट नाही, आकड्यांवर राजकीय दबाव येतो, असे त्यात थेट म्हटले आहे. यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारी रुग्णालयांनी औषधे आणि साहित्य पुरवणाऱ्यांचे पैसे वर्षानुवर्षे थकवले होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या कोष्टकात या थकबाकीपोटी मोठी रक्कम तुटीत धरली गेली, पण ती सगळी एकट्या 2008 या वर्षावर टाकली गेली. ती थकबाकी नेमकी किती हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते आणि सगळा बोजा एकाच वर्षावर टाकायला आधारही नव्हता. म्हणजे जुने आकडे खोटे आणि नवे खरे, इतकी ही गोष्ट सरळ नाही. नवे सरकार खऱ्याच्या जवळ आले होते, पण हिशेब ठेवण्याची रीत तीच होती.

हा रोग जुना होता. ग्रीस 2001 मध्ये युरोत आला तो 1999 च्या आकड्यांवर. तूट 3 टक्क्यांच्या आत असणे ही त्यासाठीची अट होती. 2004 मध्ये फेरतपासणी झाली तेव्हा 1999 चीही तूट 3 टक्क्यांच्या वरच निघाली. तेव्हा युरोपातल्या राजधान्यांनी नाराजी नोंदवली आणि विषय बाजूला ठेवला. ग्रीक कर्जरोख्यांवरचे व्याज जर्मनीच्या रोख्यांपेक्षा किंचितच जास्त होते आणि बँका ते आनंदाने घेत होत्या. ग्रीक सरकारांच्या लबाडीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. डोळ्यांसमोर 2004 चा अहवाल असताना त्यांना कर्ज देत राहिलेल्यांबद्दल त्या मानाने फारच थोडे.

2009 च्या तुटीचा आकडा पुढेही चढत राहिला. एप्रिल 2010 मध्ये तो 13.6 टक्के झाला. ऑगस्टमध्ये नव्याने उभ्या केलेल्या स्वायत्त सांख्यिकी संस्थेचे प्रमुखपद आंद्रेआस गेओर्गिऊ यांच्याकडे आले आणि नोव्हेंबरमध्ये आकडा 15.4 टक्क्यांवर गेला. युरोस्टॅटने तो कोणतीही हरकत न घेता स्वीकारला. ज्या माणसाने हिशेब नियमाप्रमाणे लावला, त्याच्यावरच मायदेशात तूट फुगवल्याचा खटला भरला गेला. 2017 मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली, ती आकडे आपल्या मंडळात मताला न टाकता पाठवल्याबद्दल. आकडे मताला टाकायचे असतात अशी समजूत ज्या व्यवस्थेत असते, तिथे 2009 सारखा ऑक्टोबर उगवणारच होता.

आता पुन्हा मे 2010 कडे. अर्थमंत्री गिओर्गोस पापाकॉन्स्टान्टिनू आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर गिओर्गोस प्रोव्होपुलोस यांच्या सह्यांचे कर्ज मागणारे पत्र 3 मेचे आहे. त्याला जोडलेल्या निवेदनात सरकारी नोकरांच्या पगारातली आणि निवृत्तिवेतनातली कपात, करवाढ, खर्चाला कात्री यांचे वेळापत्रक आहे. 5 मेला अथेन्समध्ये प्रचंड मोर्चा निघाला; त्या गदारोळात एका बँकेच्या शाखेला आग लावली गेली आणि तीन कर्मचारी मरण पावले. दुसऱ्या दिवशी संसदेने 172 विरुद्ध 121 मतांनी कायदा मंजूर केला.

याच आठवड्यात नाणेनिधीचे कर्मचारी आपला अहवाल पूर्ण करत होते. या अहवालातच सगळ्या प्रकरणाची कळ आहे. कोट्याच्या मर्यादेपलीकडे कर्ज द्यायचे तर नाणेनिधीने 2002 पासून चार कसोट्या ठरवल्या होत्या. त्यांतली एक अशी, की त्या देशाचे सरकारी कर्ज पेलण्याजोगे आहे याची दाट शक्यता दिसली पाहिजे. ती नसेल तर आधी जुन्या सावकारांशी बोलून कर्जाची पुनर्रचना करायची, मग नवे कर्ज. हा नियम अर्जेंटिनाच्या 2001 च्या दिवाळखोरीतून शिकून केलेला होता. बुडत्या देशाला आणखी कर्ज दिले की जुने सावकार त्यातून आपले पैसे काढून घेतात आणि देश आणखी खोल जातो, हे तिथे दिसले होते.

ग्रीसचे कर्ज तेव्हा उत्पादनाच्या सुमारे 115 टक्के होते आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला तरी ते 150 च्या घरात जाणार होते. कर्मचाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, की एकंदरीत हे कर्ज मध्यम मुदतीत पेलण्याजोगे वाटते, पण अनिश्चितता एवढी मोठी आहे की दाट शक्यतेची ग्वाही देता येत नाही. म्हणजे कसोटीत ग्रीस बसत नव्हता. यापुढे अहवालात एक जोड येते : मात्र जिथे संकट इतर देशांत पसरण्याचा मोठा धोका असेल, तिथे हे कर्ज देणे समर्थनीय ठरते. नियमात हा अपवाद आधी नव्हता. तो स्वतंत्र ठराव मांडून, चर्चा करून आणला गेला नाही. ग्रीसच्या अहवालातल्या एका परिच्छेदातून तो धोरणात शिरला.

मंडळातल्या काहींच्या ते लक्षात आले. इतिवृत्त सांगते, की स्वित्झर्लंडचे संचालक रेने वेबर यांनी हा बदल गुपचूप झाल्याचे बोलून दाखवले आणि कर्जाची पुनर्रचना, खाजगी सावकारांचा सहभाग यांचा विचारच का झाला नाही असे विचारले. अर्जेंटिनाचे पाब्लो पेरेरा यांनी आपल्या देशाचा अनुभव समोर ठेवला. ब्राझीलचे पाउलो नोगेरा बातिस्ता यांनी इशारा दिला, की ही ग्रीसची सुटका नसून ग्रीसच्या खाजगी सावकारांची, मुख्यतः युरोपीय वित्तसंस्थांची सुटका ठरू शकते.

भारताच्या खुर्चीवर अरविंद विरमानी होते. त्याआधी ते अर्थ मंत्रालयाचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. नाणेनिधीत भारतासह बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका यांचे प्रतिनिधित्व त्यांच्याकडे होते. त्यांचे निवेदन मला त्या दिवशीच्या सगळ्या मजकुरात सर्वांत नेमके वाटते. चलन स्वतःच्या हाती नसताना एवढी मोठी तूटकपात करण्याला पूर्वीचा दाखला नाही, हा बोजा त्या अर्थव्यवस्थेला पेलवणे कठीण आहे, आणि कार्यक्रम तंतोतंत अमलात आला तरी किमती, रोजगार आणि महसूल एकामागोमाग घसरत जाऊन शेवटी कार्यक्रमच कोसळू शकेल, असा त्याचा आशय होता.

या निवेदनामागे भारताचा 1991 चा अनुभव आहे असे मी मानतो. त्याला कागदी पुरावा नाही; हा माझा अंदाज आहे. त्या वर्षीच्या जुलैत रिझर्व्ह बँकेने 46.91 टन सोने तारण म्हणून परदेशी पाठवले, पण त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यनही झाले. आपल्याला निर्यात वाढवून वर यायची वाट मोकळी होती. ग्रीसकडे ड्रॅक्मा हे स्वतःचे चलन उरले नव्हते. पगार कापणे आणि माणसे घरी बसवणे एवढाच उपाय हाती राहत होता. आणि 2010 चा भारत मागणाऱ्यांच्या रांगेत नव्हता. ग्रीसचे दुसरे कोष्टक युरोस्टॅटकडे गेले त्याच पंधरवड्यात, 19 ते 30 ऑक्टोबर 2009 या काळात, रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून 200 टन सोने विकत घेतले होते. घेणेकऱ्याच्या आणि देणेकऱ्याच्या, दोन्ही बाजू ठाऊक असलेला देश तिथे बोलत होता.

मग एवढ्या शंका असताना मंजुरी कशी मिळाली? जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या संचालकांनी मंडळाला सांगितले, की आमच्या बँका ग्रीसमधली आपली गुंतवणूक साधारणपणे कायम ठेवतील. अध्यक्षस्थानी असलेले नाणेनिधीचे उपप्रमुख जॉन लिप्स्की यांनी दुसरी योजना नाही, हीच योजना यशस्वी करायची आहे, अशी भूमिका घेतली. त्या दिवशी ब्रसेल्समध्ये युरोपचे अर्थमंत्रीही बसले होते. त्यांना सोमवारी बाजार उघडण्याआधी घोषणा हवी होती. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून दोन वर्षेही झाली नव्हती. भीती खरी होती, हे मान्य केले पाहिजे. त्या दिवशी पुनर्रचना जाहीर झाली असती तर युरोपातल्या मोठ्या बँकांवर आघात झाला असता. पण मग ते कर्ज त्या बँका वाचवण्यासाठी आहे हे सांगायला हवे होते आणि त्याचा भार त्या बँकांच्या देशांनी उचलायला हवा होता. तो ग्रीक निवृत्तिवेतनधारकाच्या नावावर लिहिला गेला.

शंका आणि परिणाम यांची गाठ नाणेनिधीने स्वतःच जून 2013 च्या मूल्यमापनात घालून दिली. 2009 ते 2012 या काळात उत्पादन साडेपाच टक्क्यांनी घटेल असा कार्यक्रमाचा अंदाज होता. ते 17 टक्क्यांनी घटले. बेरोजगारी 15 टक्क्यांवर जाईल असे धरले होते. ती 25 टक्के झाली. पुनर्रचना लांबल्यामुळे खाजगी सावकारांना बाहेर पडायला वेळ मिळाला आणि त्यांचे कर्ज सरकारी संस्थांच्या गळ्यात आले, हेही त्यात लिहिलेले आहे. पुनर्रचना झाली ती मार्च 2012 मध्ये. खाजगी धारकांच्या सुमारे 200 अब्ज युरोंच्या रोख्यांची दर्शनी किंमत 53.5 टक्क्यांनी कापली गेली. त्या कात्रीत ग्रीसच्या स्वतःच्या बँका आणि निवृत्तिवेतन निधीही सापडले, कारण त्यांना बाहेर पडायला जागाच नव्हती. युरोपीय आयोगाने हे मूल्यमापन अमान्य केले. सुरुवातीलाच पुनर्रचना केली असती तर बरे झाले असते, हे त्याला पटले नाही.

ग्रीससाठी केलेला अपवाद 2010 मध्येच आयर्लंडला आणि 2011 मध्ये पोर्तुगालला कर्ज देताना वापरला गेला. 30 जून 2015 रोजी ग्रीसने नाणेनिधीचा सुमारे दीड अब्ज युरोंचा हप्ता चुकवला. जानेवारी 2016 मध्ये मंडळाने ठराव करून तो अपवाद नियमांतून काढून टाकला, आणि या वेळी मात्र त्यावर रीतसर टिपणी तयार झाली, चर्चा झाली आणि निर्णय जाहीर केला गेला.