उमेदवारीची वर्षे

मोडी शिकायला लागलो तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. शिकवणारे गृहस्थ जुन्या कागदांत मुरलेले. त्यांची रीत साधी होती. मूळ पत्र समोर ठेवायचे, ते बाळबोधात उतरवायचे, अर्थ लावायचा आणि आठवड्याने बाळबोध झाकून पुन्हा मोडीच वाचायची. भाषा माझीच, पण पहिले काही महिने ‘विज्ञापना ऐसीजे’च्या पुढे गाडी सरकेना. पुढे अर्नेस्ट सॅटो या इंग्रज मुत्सद्द्याच्या आठवणी वाचताना हीच रीत मला १८६०च्या दशकातल्या योकोहामात भेटली. तेव्हापासून या माणसाच्या उमेदवारीच्या वर्षांचा मी मागोवा घेत आलो आहे.

राजनैतिक इतिहास लिहिणारे सहसा तहापासून किंवा राजदूताच्या दरबारभेटीपासून सुरुवात करतात. तहाचा मसुदा वाचता येणारा माणूस कसा तयार झाला, हे त्यात येत नाही. म्हणून हा उमेदवार महत्त्वाचा.

सॅटोचा जन्म १८४३चा, लंडनचा. लॉर्ड एल्गिनच्या चीन-जपान मोहिमेवर लॉरेन्स ऑलिफंटने लिहिलेले पुस्तक त्याने वाचले आणि जपानने त्याला झपाटले. योगायोगाने त्याच सुमारास चीन व जपानसाठी ‘विद्यार्थी दुभाषा’ या तीन जागा त्याच्या कॉलेजकडे आल्या. परीक्षेत तो पहिला आला. त्याने जपान निवडला आणि वयाच्या अठराव्या वर्षी, १८६१च्या अखेरीस, बोटीत बसला.

पण जपान लगेच मिळाला नाही. चिनी आली की जपानी सोपी जाईल, अशी वरिष्ठांची समजूत होती. त्यामुळे शांघायमार्गे त्याची रवानगी पेकिंगला झाली. तिथे चिनी अक्षरे घोटत काही महिने गेले. नेमणूक एका देशाची, मुक्काम दुसऱ्याच देशात. अखेर जपानी मंत्र्यांचे एक मूळ पत्र पेकिंगला आले आणि तिथल्या चिनी पंडितांना त्याचा अर्थच लागेना. वरिष्ठांची समजूत त्या एका कागदाने मोडीत काढली. सॅटोची सुटका झाली.

८ सप्टेंबर १८६२ रोजी तो योकोहामाला उतरला. सहाच दिवसांनी, १४ तारखेला, नामामुगी गावाजवळ सात्सुमा सरदाराच्या लवाजम्यातील सामुराईंनी चार्ल्स रिचर्डसन या इंग्रज व्यापाऱ्याला ठार केले. ब्रिटिशांनी शोगुनच्या सरकारकडे एक लाख पौंड आणि सात्सुमाकडे पंचवीस हजार पौंड मागितले. हे सारे पत्रव्यवहार चालत कोणत्या भाषेत? डचमध्ये. इंग्रजीचे डच व्हायचे आणि डचचे जपानी. उत्तर पुन्हा त्याच वाटेने परत यायचे. युद्ध की शांतता, हे दोन तर्जुम्यांच्या पलीकडून ठरत होते. अशा वेळी जपानी थेट वाचणाऱ्या माणसाची किंमत काय, हे सांगायला नको.

तरीही वकिलातीचे तात्पुरते प्रमुख कर्नल नील यांना या पोरांकडून हवी होती ती खर्डेघाशी. खलित्यांच्या नकला करायला त्यांना कचेरीत बसवले. सॅटो आणि त्याचा सोबती रॉबर्टसन यांनी तक्रार केली, तेव्हा कुठे अभ्यासाला वेळ मिळाला. आठवड्याला दोन धडे सॅम्युएल ब्राउन या अमेरिकी मिशनऱ्याकडे. त्याचे बोलीभाषेवरचे पुस्तक तेव्हा छपाईत होते. हेपबर्नचा जपानी-इंग्रजी कोश निघायला १८६७ साल उजाडायचे होते.

खरा गुरू होता ताकाओका, वाकायामाचा एक वैद्य. तो एक छोटे पत्र धावत्या लिपीत लिहायचा, मग तेच सुट्या, ठसठशीत अक्षरांत उतरवून अर्थ समजावायचा. सॅटो त्याचे इंग्रजी करून बाजूला ठेवायचा. मधले दिवस दोन्ही प्रती आलटून पालटून वाचायच्या आणि मग स्वतःच्या इंग्रजीवरून मूळ जपानी आठवणीने लिहून काढायचे. मोडी-बाळबोधाशी झगडलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, हे वाचकांनीच ताडावे. जपानी पत्रलेखनाचे मायने, तिथली आदराची उतरंड, ओळीच्या शेवटची ठरीव क्रियापदे हे सारे बोलीपेक्षा वेगळे होते. बोलता येणारा दुभाषा तिथे अडला असता.

ऑगस्ट १८६३ मध्ये ब्रिटिश आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या, तेव्हा सॅटो ‘आर्गस’ जहाजावर होता. पुढल्या वर्षी, जुलै १८६४ मध्ये, चोशूच्या सरदाराला समजावण्यासाठी इंग्लंडहून परतलेल्या दोन तरुणांना जहाजाने पोचवायचे होते. त्यांच्यासोबत सॅटोला धाडले. त्यांतला एक इतो हिरोबुमी, जपानचा पुढचा पहिला पंतप्रधान. सॅटोने तेव्हा नुकतीच एकविशी गाठली होती आणि दुभाषाची रीतसर नेमणूक अजून व्हायची होती. ती मिळाली १८६५ साली.

नेमणुकीनंतर वर्षभरात या अभ्यासाचे फळ दिसले. १८६६ मध्ये योकोहामाच्या ‘जपान टाइम्स’मध्ये त्याने निनावी लेख लिहिले. शोगुन हा साऱ्या जपानचा सार्वभौम नाही, तेव्हा त्याच्याशी केलेले तह अपुरे आहेत, असा त्यांचा सूर होता. नुमाता नावाच्या शिक्षकाच्या मदतीने त्यांचे जपानीही झाले आणि सरदारांमध्ये ते ब्रिटिश धोरण म्हणूनच वाचले गेले. वरिष्ठांची परवानगी नव्हती, म्हणजे शिस्तीच्या दृष्टीने हा अपराधच. पण सत्ता नेमकी कोणाकडे आहे, हा प्रश्न त्याला सुचला तो जपानी कागद स्वतः वाचत होता म्हणून, असे माझे मत आहे. दोन वर्षांत शोगुनशाही संपली.

सॅटो पुढे तोक्यो आणि पेकिंग येथे ब्रिटनचा प्रतिनिधी झाला. १९१७ साली निघालेला त्याचा राजनैतिक व्यवहारावरचा ग्रंथ नव्या आवृत्त्यांतून आजही वापरात आहे. आपल्या परराष्ट्र सेवेतल्या नव्या अधिकाऱ्यालाही एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागते. पहिल्या नेमणुकीची वाट पाहताना तो अभ्यास कोणाला शिक्षेसारखा वाटत असेल, तर त्याने पेकिंगला अडकलेला, चिनी अक्षरे गिरवणारा तो अठरा वर्षांचा मुलगा आठवावा.

माझ्या टेबलावर सध्या एका घराण्याच्या कागदांचे बाड आहे. अर्धे लागले आहे. उरलेल्यात एक पत्र असे आहे की ज्याची शेवटची ओळ अजून सुटत नाही. ती बाळबोधात उतरवून, झाकून ठेवली आहे.