वृद्धाश्रमातील लसीकरण: आजी-आजोबा आणि कर्मचारी ‘नको’ का म्हणतात?

लस उपलब्ध असतानाही ती घ्यायला उशीर करणे किंवा सरळ नकार देणे, याला लसीबाबतची साशंकता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत तिचा समावेश केला होता. आपल्याकडे हा विषय निघाला की लोकांना लहान मुलांच्या लसी आठवतात. वृद्धाश्रमातला प्रश्न मात्र निराळा आहे. तिथे ‘नको’ म्हणणारे दोन गट असतात, राहणारे आणि त्यांची सेवा करणारे, आणि दोघांची कारणे एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. तुमचे आई-वडील वृद्धाश्रमात असतील, तर दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या.

वृद्धाश्रमात संसर्ग लवकर का पसरतो?

एका खोलीत दोन-तीन खाटा, जेवणाचा एकच हॉल, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. सकाळी एकच मावशी आठ-दहा जणांची तोंडे धुवून देते, डायपर बदलते, भरवते. ती बस किंवा लोकलने येते, घरी तिची शाळेत जाणारी मुले असतात. आजोबा स्वतः महिनोन्महिने फाटकाबाहेर पडत नाहीत, पण फ्लूचा विषाणू त्यांच्या खाटेपर्यंत बरोबर पोहोचतो.

त्यात वय वाढले की प्रतिकारशक्ती मंदावते. याचा एक परिणाम असा की लसीलाही शरीर तरुणांइतका जोरदार प्रतिसाद देत नाही. फ्लूच्या लसीचा विषाणूशी मेळ चांगला बसला, तर सर्वसाधारण लोकसंख्येत आजाराचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. ज्येष्ठांमध्ये हा फायदा त्याहून कमी असतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण न्यूमोनिया होऊन रुग्णालयात जाण्याची वेळ कमी जणांवर येते. म्हणूनच आजोबांना लस दिली की काम संपले असे होत नाही. त्यांच्याजवळ रोज वावरणाऱ्यांनीही ती घ्यावी लागते.

साधारण कोणत्या लसींचा विचार होतो?

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लूची मोठी लाट येते, म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. न्यूमोकोकल लस न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्ध असते. तिचे प्रकार अनेक आहेत, काहींचा एकच डोस पुरतो, काहींनंतर वर्षभराने दुसरी लस द्यावी लागते. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते. ती दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घ्यायची, परिणाम उत्तम, किंमत मात्र खिशाला जड. कोविडच्या पुढच्या डोसचा निर्णय व्यक्तीच्या आजारांनुसार डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

यातल्या बहुतेक लसी ज्येष्ठांना विकत घ्याव्या लागतात. काही सरकारी रुग्णालयांत जोखमीच्या गटांसाठी फ्लूची लस मोफत मिळते, आधी चौकशी करावी. ‘नको’ म्हणण्यामागे पुष्कळदा हा खर्चच असतो. मुलाला सांगायचा संकोच वाटतो आणि मग ‘लसींवर माझा विश्वास नाही’ असे उत्तर येते.

आजी-आजोबांच्या मनात काय असते?

ज्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे, ती ही पिढी. लस म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. देवीचा रोग देशातून गेला तो त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे त्यांचा विरोध बहुधा लसीला नसतो. ‘आता माझे किती दिवस राहिलेत, तरुणांना द्या’ असे आजी म्हणतात तेव्हा त्यामागे उदासी असू शकते. अशा वेळी लसीचा विषय दोन दिवस बाजूला ठेवावा आणि झोप, भूक, घरच्यांचे फोन याबद्दल विचारावे. ज्येष्ठांमधले नैराश्य या एका वाक्यात अनेकदा दडलेले असते आणि त्यावर उपचार आहेत.

दुसरे मोठे कारण भीतीचे. ‘शेजारच्या खोलीतल्या काकांनी लस घेतली आणि पंधरा दिवसांत गेले.’ ही गोष्ट एका वृद्धाश्रमात एकदा फिरली की पुढची दोन वर्षे पुरते. ती हसण्यावारी नेऊ नये, तिचे उत्तर द्यावे.

समजा, एका वृद्धाश्रमात साठ जण राहतात, बहुतेक ऐंशीच्या पुढचे, आणि वर्षभरात बारा जणांचे निधन होते. म्हणजे सरासरी महिन्याला एक. आता कोणत्याही तारखेला सगळ्यांना लस द्या, पुढच्या महिन्याभरात एखादा मृत्यू होण्याची शक्यता बरीच आहे. लस दिली नसती तरी ती तेवढीच होती. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्वेत नेमके हेच घडले. तिथल्या शुश्रूषागृहांत कोविडची लस दिल्यानंतर काही अतिवृद्धांचे मृत्यू नोंदले गेले आणि ती बातमी जगभर गेली. त्या देशात अशा संस्थांमध्ये एरवीही दर आठवड्याला सुमारे ४०० मृत्यू होतात, ही माहिती मात्र फारशी पोहोचली नाही.

पुढे तिथल्या तज्ज्ञांनी पहिल्या १०० मृत्यूंची एकेक फाईल तपासली. ५९ मृत्यूंत लसीचा संबंध असण्याची शक्यता कमी ठरली. २६ मध्ये तो शक्य मानला गेला, १० मध्ये संभवनीय, आणि पाच प्रकरणांत काही ठरवता आले नाही. हे सगळे लोक अत्यंत जर्जर होते. यातून मी असा अर्थ घेतो की चालत्याबोलत्या ज्येष्ठाला लसीचा फायदा स्पष्टपणे जास्त आहे. पण जो माणूस शेवटच्या काही आठवड्यांत आहे, अन्नपाणी सुटले आहे, त्याला साधा तापही झेपत नाही. त्याला लस न देण्याचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतो. यादीतली सगळी नावे टिकमार्क झालीच पाहिजेत, असा हट्ट नको.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही शंका

‘कोविशील्डने रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणे.’ २०२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या खटल्याच्या बातम्या आल्या आणि अनेक ज्येष्ठ घाबरून गेले. हा दुष्परिणाम खरा आहे, पण अतिशय दुर्मीळ. तो मुख्यतः पहिल्या डोसनंतर काही आठवड्यांच्या आत दिसला आणि तरुणांत तुलनेने जास्त आढळला. २०२१ मध्ये घेतलेल्या लसीमुळे आज अचानक अशी गुठळी होईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. आजच्या छातीतल्या दुखण्याला मात्र लसीच्या नावावर घालवू नका, तपासून घ्या.

‘जीबीएस होतो का?’ जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. त्या साथीचा लसीशी संबंध नव्हता. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला होता आणि संशय दूषित पाण्यावर होता. फ्लूच्या लसीनंतर जीबीएस होण्याचा वाढीव धोका दहा लाख लोकांमागे एक-दोन इतका असतो. खुद्द फ्लू झाल्यानंतरही जीबीएस होऊ शकतो. पूर्वी कधी जीबीएस झाला असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी लस घेता येते. वॉरफरिन चालू असेल तर तसे सांगावे, बारीक सुई वापरली जाते आणि नंतर ती जागा न चोळता दोन मिनिटे दाबून धरायची. मधुमेह, रक्तदाब, बायपास ही तर लस घेण्याची कारणे आहेत. अंगात ताप असेल तर थोडे थांबावे.

कर्मचारी का टाळतात?

इथे बहुतेक लेख ‘जनजागृती करा’ म्हणून थांबतात. मला ते अपुरे वाटते. रोजंदारीवरच्या मावशींना लसीनंतर अंग मोडून आले आणि दुसऱ्या दिवशी येता आले नाही, तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. घरी स्वयंपाक, धुणी चुकत नाहीत. त्यांनी केलेला हिशोब चुकीचा नाही. संस्थेने साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी लस ठेवली, किंवा पुढच्या दिवसाची भरपगारी रजा दिली, तर निम्मा विरोध तिथेच मावळतो. लसीचा खर्चही संस्थेनेच करायला हवा.

तरुण मुलींना वेगळी चिंता असते: पाळी बिघडेल का, मूल होईल का? हे त्या पुरुष डॉक्टरांसमोर, सगळ्यांच्या बैठकीत विचारत नाहीत. सिस्टरने किंवा महिला डॉक्टरांनी एकेकीशी बोलावे. कोविडच्या लसीनंतर पाळी एखाद्या दिवसाने लांबल्याचे आढळले आहे, ते पुढे पूर्ववत होते. वंध्यत्व येते असा पुरावा नाही. फ्लूची टोचायची लस तर गरोदरपणातही दिली जाते.

कर्मचाऱ्यांच्या लसीने राहणाऱ्यांना किती फायदा होतो? स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या २० रुग्णालयांत झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली, तिथे हिवाळ्यात १३.६ टक्के रुग्ण दगावले, इतर ठिकाणी २२.४ टक्के. नंतरच्या आढाव्यांत हा फायदा इतका ठाम दिसला नाही. तरी लस सुरक्षित आहे आणि तिचे तर्कशास्त्र सरळ आहे, म्हणून मी ती सुचवतो.

सक्ती करावी का? इंग्लंडने ११ नोव्हेंबर २०२१ पासून शुश्रूषागृहांतल्या कर्मचाऱ्यांना कोविडची लस बंधनकारक केली आणि १५ मार्च २०२२ रोजी तो नियम मागे घेतला. मुळात माणसे कमी असलेल्या क्षेत्रात नोकरी सोडणाऱ्यांची भर पडली. आपल्याकडे अनुभवी मावशी निघून गेली तर तिच्या हातून जेवणाऱ्या आजीचे काय होते, हे कोणत्याही संचालकांना विचारा. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला खोकला असताना मास्क आणि पगारी रजा, हा मार्ग जास्त टिकतो.

कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक लस सुचवतो, जी सहसा कुणाच्या यादीत नसते: हिपॅटायटिस बी. इन्शुलिन देणे, बोट टोचून साखर तपासणे ही रोजची कामे आहेत आणि सुई चुकून हाताला लागते. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात.

संमती कोणाची?

भान शाबूत असलेल्या आईची संमती तिची स्वतःची. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मुलाने ईमेलवर होकार दिला म्हणून तिच्या नकारावर मात करता येत नाही. स्मृतिभ्रंश असेल तर घरच्यांनी ठरवावे, पण त्या व्यक्तीने पूर्वी लसींबद्दल काय मत मांडले होते, याचा विचार करावा. ‘व्हिटॅमिनचे इंजेक्शन आहे’ असे खोटे सांगून लस टोचू नये. एकदा हे कळले की ती व्यक्ती पुढे साध्या गोळ्याही थुंकून टाकते.

लस घेतल्यावर काय पाहायचे?

अर्धा तास बसवून ठेवावे. दंड दुखणे, कणकण, थकवा हे एक-दोन दिवस चालते. नागिणीच्या लसीनंतर ते जरा जास्त जाणवते, म्हणून नाजूक प्रकृतीच्या व्यक्तीला मी ती इतर लसींसोबत एकाच दिवशी देत नाही. ताप आल्यास पॅरासिटामॉल चालते, पाणी पुरेसे द्यावे, आणि त्या रात्री बाथरूमला एकटे जाऊ देऊ नये, कारण अशक्तपणात पडण्याचा धोका असतो. तोंडाला सूज, दम लागणे किंवा अंगभर पित्त उठणे असे झाल्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ताप दोन दिवसांहून जास्त टिकला, बोलण्यात एकाएकी गोंधळ दिसला किंवा खाणे-पिणे बंद झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख आजोबांच्या फाईलमध्ये लिहून घ्या व त्याचा फोटो तुमच्या मोबाईलमध्येही ठेवा, कारण वृद्धाश्रम बदलताना हाच कागद सर्वांत आधी हरवतो.