कल्हईपासून नॅनोपर्यंत

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात पितळेची पातेली असत. कल्हई उडाली की चिंचेची आमटी कळकायची, आणि मग कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. कथिलाचा तो पातळ थर म्हणजे अन्न आणि धातू यांच्यामधला पहारेकरीच. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाला हळूहळू दिसेनासा झाला. स्टीलची भांडी करणाऱ्या गावांत आमच्या भाईंदरचे नाव आहे. पूर्वेच्या गाळ्यांतून पत्रा कापायचा, प्रेसवर ओढायचा आणि पॉलिश करायचे, हा उद्योग वर्षानुवर्षे चालत आला.

तुम्ही विचाराल, या भांड्याला कल्हई कशी लागत नाही? खरे म्हणजे लागते. पण ती भांडे आपली आपणच करून घेते. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत असे पोलाद शोधीत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले त्यांचे पोलाद गंजेना. क्रोमियम हवेतला प्राणवायू घेऊन अंगावर ऑक्साइडचा थर धरते. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो. या थराची जाडी किती म्हणाल, तर अवघी दोन-तीन नॅनोमीटर!

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपले नख एका सेकंदात साधारण तेवढे वाढते. ग्रीक भाषेत 'नॅनोस' म्हणजे बुटका. आपण वामन म्हणू. भाईंदर हे मिठागरांचेही गाव, आणि मीठ हे या वामनाचे वैरी. मिठातला क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो आणि स्टीलला बारीक खड्डे पडतात. मीठ चिनी मातीच्या बरणीतच ठेवावे, हे आपल्या घरच्या बायकांना अनुभवाने ठाऊक होते.

तेव्हा हा वामन नवा नाही; नवी आहे ती त्याची ओळख. पदार्थ अणूअणूने रचता येईल, असे रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ साली एका व्याख्यानात सुचविले. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानचे तानिगुची यांनी १९७४ साली वापरला. १९८१ साली झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी असा सूक्ष्मदर्शक केला की पृष्ठभागावरचे अणू दिसू लागले. हातचलाखीला आता डोळे आले.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण केले. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. २००९ साली 'टाटा स्वच्छ' हे जलशुद्धीचे यंत्र बाजारात आले. त्यात भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण होते. विजेवाचून जंतू मरत. कणाचा आकार बदलला की रंग बदलतो, या 'क्वांटम डॉट'च्या संशोधनाला २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दूरचित्रवाणीच्या पडद्यांत हे कण वापरले जातात.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वडील भांड्यांच्या पॉलिशवर होते. ते रात्री घरी येऊन रुमाल झटकीत, तेव्हा काळी धूळ पडे. पुढे त्यांना जिना चढवेना. धूळ जितकी बारीक, तितकी ती फुप्फुसात खोल जाते. ज्या सूक्ष्मपणामुळे थर भांडे राखतो, तोच सूक्ष्मपणा धुळीत आला की माणसाला खातो. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नाकावर चांगली जाळी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. त्याला काही नोबेल लागत नाही.

वामन तीन पावले मागतो, अशी कथा आहे. या नव्या वामनाची दोन पावले प्रयोगशाळेत आणि बाजारात पडली आहेत. तिसरे पाऊल कामगाराच्या छातीवर पडू नये, एवढे आपण पाहिले पाहिजे.