भाकरीला जागणे

बडा गणपतीच्या चौकात भल्या पहाटे गेले, तर देवळाच्या आसपास बंद टपऱ्यांच्या आडोशाला तीन-चार कुत्री अंगाचे वेटोळे करून निजलेली दिसतात. 1901 च्या सुमारास उज्जैनच्या पंडित नारायण दाधीच यांनी उभारलेली ही सुमारे पंचवीस फुटी मूर्ती पाहायला आलेला परगावचा माणूस वर मान करून चालतो, आणि त्याचा पाय नेमका एखाद्या शेपटीवर पडतो. एक केकाटणे, एक किंकाळी, मागोमाग एखादा दगड. हा प्रसंग आमच्या भागात कोणालाच नवा नाही. मात्र या भांडणात दोष कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्यामागे आपल्या इतिहासाचा मोठा पट आहे.

माळव्यात आलेल्या मराठी घरांनी आपल्या देवांबरोबर कुत्राही आणला. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्रा हवाच. त्याचे उपासक वाघ्ये कुत्र्याप्रमाणे भुंकून देवाची चाकरी करतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यांना चार वेद मानणारी परंपरा आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनातून घराघरांत पोहोचले. श्राद्धाच्या दिवशी गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढला जाई. पण याच घरांत ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ ही सर्वांत कठोर शिवी होती. पूजेत जवळ आणि व्यवहारात दूर, असा हा दुहेरी संसार फार जुना आहे.

दरबारी इतिहासात कुत्र्याचा मान सर्वांत ठळकपणे दिसतो तो साताऱ्यात. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका आहे. त्याबद्दल महाराजांनी कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, ही हकीकत ग्रँट डफने नोंदवली आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. एका राजाने उपकार लक्षात ठेवून त्याची परतफेड केली, एवढे तरी त्यातून दिसते.

रायगडावरील वाघ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या इमानी कुत्र्याची कथा लोकमानसात खोल रुजली. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकातही ती आली. समकालीन साधनांत मात्र तिला आधार मिळत नाही, असे अभ्यासक सांगतात. समाधीजवळचे वाघ्याचे स्मारक 1936 मध्ये उभे राहिले. त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली, असे होळकर घराण्याकडून सांगितले जाते. 2012 च्या ऑगस्टमध्ये काही कार्यकर्त्यांनी पुतळा उखडला, तो पुन्हा बसवण्यात आला. 2025 मध्ये तो हलवण्याची मागणी पुन्हा झाली. कथेच्या खरेखोटेपणाचा निर्णय इतिहासकारांनी करावा. माझ्या मनात मात्र वेगळीच शंका येते. कुत्र्याने इमान राखावे म्हणून आपण इतकी वर्षे वाद घातला. आपण त्याच्याशी इमान राखले का, हे कोणी विचारले नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न इंग्रजी अमलात प्रथम कायद्याच्या दारात आला. मुंबईत 1832 च्या जून महिन्यात कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे, आणि त्या लोभाने पाळलेली, घरात बसलेली कुत्रीही ओढून नेली जात. पारशी धर्मात श्वानाला पवित्र स्थान, त्यामुळे असंतोष भडकला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. या कथेत दोन्ही बाजूंचे दुखणे आहे. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी होती; तिच्यावरचा उपाय मात्र आंधळा होता.

ती भीती किती खरी होती, हे आमच्या पिढीला पोटातल्या चौदा इंजेक्शनांनी शिकवले. लुई पाश्चरने 1885 मध्ये रेबीजवरील लस प्रथम माणसाला टोचली. 1900 मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. जनावरांच्या मेंदूपासून बनवलेली ती वेदनादायी जुनी लस आपल्या देशात 2004-05 पर्यंत वापरात होती. आता दंडात घ्यायची सुरक्षित लस मिळते. पण एक गोष्ट बदललेली नाही: लक्षणे दिसू लागली की हा रोग बहुतेक निश्चितपणे मृत्यू आणतो. म्हणून चावा लागताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यात मिरची किंवा चुना भरू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चावा खोल असेल तर लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते.

कुत्रा उगीच चावत नाही; बहुधा तो आधी सांगतो, आपल्याला ती भाषा येत नाही. शेपूट हलणे म्हणजे नेहमी आनंद नव्हे. ताठ, उंच धरून हलवलेले शेपूट ताण दाखवते. ओठ चाटणे, नजर वळवणे, अंग आखडणे, गुरगुरणे या क्रमाने वाढत गेलेल्या सूचनाच आहेत. गुरगुरण्याबद्दल मार दिला, तर कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या खेपेस थेट चावतो. पिलांची आई, खाणारा आणि निजलेला कुत्रा यांना छेडू नये. अंगावर आल्यास पळू नये. हात खाली ठेवून, डोळ्यांत न रोखता, स्थिर उभे राहून हळूच मागे सरावे. धावत्या स्कूटरमागे तो धावतो, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे त्याच्या रक्तात आहे. मुलांना या गोष्टी शाळेपूर्वी घरात शिकवाव्यात.

आपल्या शहरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इंदूर 2017 पासून सलग सात वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण उकिरडा हेच रस्त्यावरच्या कुत्र्याचे स्वयंपाकघर होते. कचऱ्याच्या पेट्या गेल्या, कुत्री मात्र राहिली. त्यांचे पोट आता काही दयाळू घरांच्या अंगणावर आले. म्हणून अन्न देणाऱ्यावर जबाबदारी येते: ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दाराच्या अडसरीपासून दूर; आणि खाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले आहे की नाही, हे पाहणे. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर रेबीजची साखळी तुटते. उचलून नेलेल्या कुत्र्याच्या जागी नवा, अनोळखी कुत्रा येतो. म्हणूनच 2023 च्या नियमांत निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला मूळ जागी परत सोडण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये आधी कडक आणि मग काहीसा सौम्य असा आदेश दिला, अन्न देण्याच्या जागा ठरवण्यास सांगितले आणि शाळा-रुग्णालयांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा निर्णय दिला. भ्यालेल्या आईचे आणि कळवळणाऱ्या आजीचे, दोघींचेही म्हणणे ऐकूनच पुढे जावे लागेल.

आणि घरी कुत्रा आणणाऱ्यांसाठी एकच शब्द. तो दहा-बारा वर्षे जगतो. म्हातारा होतो, आजारी पडतो, रात्री ओरडतो. पाळण्यापूर्वी तेवढ्या वर्षांचा हिशेब मांडावा, कंटाळा येताच त्याला चौकात सोडून येऊ नये. चौकातल्या टपरीच्या आडोशाला निजलेल्यांपैकी एकाच्या गळ्यात मी परवा जुना पट्टा पाहिला. कोणी तरी कधी तरी तो बांधला होता. ज्याने बांधला, त्याला त्या कुत्र्याचे नावही आता आठवत नसेल. कुत्र्याला मात्र कदाचित अजून त्या घराची वाट आठवत असेल.