कंपनी ओळख क्रमांक
कंपनी ओळख क्रमांक : भारतात नोंदलेल्या कंपनीला मिळणारा, अक्षरे व अंक मिळून २१ स्थानांचा क्रमांक. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ नुसार तो पत्रे, बिले व सूचनांवर छापणे बंधनकारक आहे.

सिंगरेणी कोळसा कंपनीचे उदाहरण घ्यावे. तेलंगणातील वांकिडी या महाराष्ट्र सीमेवरच्या गावाच्या जिल्ह्यातच, गोलेटी परिसरात तिच्या खाणी आहेत. तिचा क्रमांक ‘यू१०१०२टीजी१९२०एसजीसी०००५७१’ असा. पहिले अक्षर ‘यू’ म्हणजे कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध नाही. असती तर ‘एल’ आले असते. पुढचे पाच अंक उद्योगाचे, येथे कोळशाचे. ‘टीजी’ तेलंगण, १९२० हे स्थापनावर्ष, ‘एसजीसी’ म्हणजे राज्य सरकारची कंपनी आणि शेवटचे सहा अंक निबंधकाकडील नोंदणीचे. आंध्र प्रदेशाच्या विभाजनापूर्वी ‘टीजी’च्या जागी ‘एपी’ होते. कोत्तागुडेमचे नोंदणीकृत कार्यालय जागचे हलले नाही, भोवतीचे राज्य मात्र बदलले.

वांकिडीसारख्या सीमेवरच्या गावात या क्रमांकाची गल्लत जीएसटी क्रमांकाशी होऊ शकते. जीएसटी क्रमांक १५ स्थानांचा असतो. महाराष्ट्रातल्या राजुरा-चंद्रपूरकडच्या बिलावर तो २७ ने, तर तेलंगणातल्या बिलावर ३६ ने सुरू होतो. एकट्या मालकाच्या किराणा दुकानाला जीएसटी क्रमांक असू शकतो, कंपनी क्रमांक नाही. तेव्हा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ मिरवणाऱ्या बिलावर कंपनी क्रमांक नसेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव तपासावे. ही सोय विनाशुल्क आहे.