चाळिशीनंतर ताटात डाळी-भाज्या कशा वाढवाव्यात?

चाळिशी ओलांडली की आपल्या घरांत कुणाला शुगर निघते, कुणाला बीपी. मग आपण एका दिवसात गोश्त बंद करतो आणि आठवड्याभरात पुन्हा बिर्याणीवर येतो. त्यापेक्षा हळूहळू बदलू या. आधी आठवड्याचे दोन दिवस फक्त डाळ-भाजीचे ठेवू. मग दालच्यात गोश्त निम्मं करून चणाडाळ आणि दुधी वाढवू. डाळीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी लागतं. बी-12 मात्र डाळी-भाज्यांतून मिळत नाही. म्हणून अंडी, दूध, दही सोडायचं नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्यावं. किडनीचा त्रास असल्यास डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.