पेसमेकर पोटातून छातीवर कसा आला?

आज पेसमेकर म्हटलं की कॉलरबोनखालचा छोटा उंचवटा डोळ्यांसमोर येतो. सुरुवात मात्र पोटापासून झाली. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सर्जन ऑके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांची छाती उघडून तारा थेट हृदयावर शिवल्या. रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेलं यंत्र पोटाच्या त्वचेखाली बसवलं. ते काही तासांतच बंद पडलं. दुसरं बसवलं. लार्सन पुढे 2001 पर्यंत जगले.

तेव्हाच्या अवजड यंत्रांना पोटातच जागा होती. 1960 च्या दशकात तारा शिरेतून हृदयात नेता येऊ लागल्या. मग जवळच, कॉलरबोनखाली, यंत्रही आलं. 1970 च्या दशकात लिथियम बॅटरी आली, आकार घटला, आणि रुग्णाच्या सोयीकडे बघायला वाव मिळाला. उजव्या हाताने काम करणाऱ्याला बहुधा डावी बाजू. काखेच्या फार जवळ नको, हात हलवताना टोचतं. अंगाने बारीक असेल तर स्नायूखाली.

म्हणून आपल्या विषयातली एखादी रूढ पद्धत दिसली की आधी विचारा: ही कोणत्या अडचणीमुळे ठरली? ती अडचण आज उरली आहे का? संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.